हिरोईनला लाखात आणि डायलॉगवाल्याला जीपेवर पंधराशे?

या वेळचं पत्र बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातनं आलंय. गावाचं नाव मुद्दाम काढलंय आणि पत्र थोडं आखूड केलंय.

"ताई, मी २९ वर्षांचा. दिवसा बाबांच्या किराणा दुकानात बसतो आणि रात्री एका मराठी डेली सोपचे डायलॉग लिहितो. सीरियलवर नाव मुंबईच्या एका सरांचं येतं, ते मला संध्याकाळी सीन ऑर्डर पाठवतात, मी रात्री दोनपर्यंत लिहून देतो. एपिसोडला पंधराशे, जीपेवर, ते पण कधी कधी दोन-तीन महिने थांबून. पैसे वाढवा म्हणून विचारतो म्हटलं तर बाबा म्हणाले, बसून टायपायचं काय पैसे वाढवून मागतोस? मित्र म्हणतो, लोक हिरोईनला बघायला बसतात, तुझे डायलॉग ऐकायला नाही. आणि सर म्हणतात आता एआय फुकटात लिहून देतंय. लेखकांना जास्त पैसे मिळायला पाहिजेत असं वाटणं बरोबर आहे की मीच हावरा झालोय? आणि मागितले आणि काम गेलं तर? – डायलॉगवाला"

अरे डायलॉगवाल्या,

आधी उत्तर देते आणि मग भांडते. हावरा वगैरे काही झालेला नाहीस. सीरियलच्या काय आणि सिनेमाच्या काय, लिहिणाऱ्याला आत्ता मिळतात त्याच्यापेक्षा जास्त पैसे मिळायला पाहिजेत, यात मला तरी काही शंका नाही. पण मिळायला पाहिजेत म्हणून कुणाला मिळालेत असं मी अजून बघितलेलं नाही. तुझ्या पत्रात मला खटकलं ते हेच बघ, अख्खं पत्र आपली लायकी आहे का नाही यावर लिहिलंयस आणि कागदावर काय ठरलंय याची एक ओळ नाही. ओळ नाही कारण कागदच नाही. स्क्रीनवर नाव नाही, करार नाही, बिल नाही, आणि पैसे येतात ते पण सरांच्या खिशातनं. उद्या तू म्हणालास की ही सीरियल मी लिहिली तर तुझ्याकडं दाखवायला फक्त व्हॉट्सअ‍ॅप आहे. (ते डिलीट करू नकोस, आजच बॅकअप घे.)

तुझ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. पहिल्या दिवशी लोक हिरोईनला बघायलाच बसतात, पोस्टरवर तीच असते. पण सहा महिन्यांनी तीच हिरोईन सीरियल सोडून जाते, तिच्या जागी दुसरी येते, चार दिवस लोक कुरकुरतात आणि पाचव्या दिवशी परत आठ वाजता बसतात की. असं आपण सगळ्यांनी बघितलंय. का बसतात? कारण शनिवारी एपिसोड जिथं तोडला तिथं पुढं काय झालं ते कळायला पाहिजे असतं. ती तोड कुणीतरी लिहिलेली असते ना. अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे जाहिराती काढल्या तर वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, तो आठवड्याला सहा वेळा, कधी सात, सणावाराला महाएपिसोड वेगळा. त्यात कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वर चॅनेलची क्रिएटिव्ह टीम. तू हॉस्पिटलचा सीन छान बांधून पाठवतोस आणि रात्री अकराला मेसेज येतो की सासूची आर्टिस्ट उद्या नाही, तिची दुसरीकडे डेट आहे, सीन फोनवर करा. म्हणजे जी बाई सुनेचा हात धरून रडणार होती तिला आता सीनमधनंच काढायचं, रडणं तर तेवढंच आणायचं, आणि सून एकटीच फोन कानाला लावून "हं... हं... नाही आई" एवढ्यावर तो सीन तोलून धरणार. आणि हे सगळं बाहेर पाऊस कोसळतोय, करंट गेलाय, अशा वेळी मोबाईलवर अंगठ्यानं टाइप करून. बाबांना एकदा एक सीन मोठ्यानं वाचून दाखव, आधी पहिला आणि मग बदललेला. नुसतं सांगून कळायचं नाही त्यांना.

मग एवढं असून पैसे कमी का? निर्माते राक्षस आहेत असं मी म्हणणार नाही, काही असतील, पण हिशोब समजून घे. चॅनेल निर्मात्याला एपिसोडमागं ठरलेली रक्कम देतं, त्यातच सेटचं भाडं, कॅमेरा, लाइट, जनरेटर, जेवण, मेकअप, आर्टिस्टचे दिवसाचे पैसे, सगळं बसवायचं, आणि त्या चॅनेलचेही पैसे यायला नव्वद-नव्वद दिवस लागतात. आता ओढाताण झाली की कात्री कुठं लागते? लाइटवाल्याला पैसे दिले नाहीत तर लाइट लागत नाही, तिथल्या तिथं शूटिंग बंद. जेवणवाला थांबला तर दुपारी दोन वाजता दीडशे माणसं ओरडायला लागतात. लेखक कुठं असतो? घरी. त्यानं काम थांबवलं तर ते दिसतं दोन दिवसांनी, हातातले लिहून ठेवलेले एपिसोड संपल्यावर, आणि तोवर दुसरा कुणीतरी होतकरू पोरगा सापडलेला असतो, तुझ्यासारखाच, कदाचित तुझ्यापेक्षा स्वस्त. लेखकाचे पैसे कमी असायचं मोठं कारण हे आहे, तुझी लायकी कमी हे नाही. तुझ्या सरांनाही त्यांचे पैसे उशिरानेच येत असणार, म्हणून त्यांच्यावर एकदम दात खाऊ नकोस. तरी पण नाव स्वतःचं आणि रात्र दुसऱ्याची हे काही मला पटत नाही, ते असू दे, पुढं येते त्यावर.

माझं जरा वेगळंच भांडण आहे. एपिसोडला पंधराशेचे तीन हजार झाले तर बरंच होईल, पण खरी गंमत एपिसोड दाखवून झाल्यावर सुरू होते. तोच एपिसोड दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट, मग अ‍ॅपवर वर्षानुवर्षं पडून, मग दुसऱ्या भाषेत डब, नाहीतर सरळ रिमेक. आपल्या सीमाभागातल्या घरात तर हे रोज बघायला मिळतं, आई सात वाजता कन्नड सीरियल बघते आणि आठला तीच गोष्ट मराठीत बघते, आणि आपल्याला आधीच सांगते की आता नवरा जिना उतरणार बघ. चॅनेलला प्रत्येक वेळी काही ना काही मिळतं. डायलॉग लिहिणाऱ्याला एकदाच, रात्रीचे. मला विचारशील तर पगारवाढीपेक्षा ही मागणी जास्त न्यायाची आहे, माल परत परत विकला जात असेल तर लिहिणाऱ्याचा त्यात वाटा. आणि हे निर्मात्यालाही झेपणारं आहे, सीरियल पडली तर तो जास्त काही देत नाही, चालली तरच देतो.

हे काही माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही. अमेरिकेतल्या लेखकांनी १९६० मध्ये संप केला तो सिनेमे टीव्हीवर दाखवायला लागले म्हणून, की आमचा सिनेमा परत दाखवताय तर आम्हाला परत पैसे. तेव्हापासून तिकडं परत दाखवल्याचे पैसे ही ठरलेली गोष्ट झाली. मग २००७-०८ मध्ये शंभर दिवस संप, इंटरनेटवर दाखवायचे पैसे कुठायत म्हणून. आणि परवा परवा, २०२३ मध्ये, २ मेपासून १४८ दिवस. साडेअकरा हजाराच्या आसपास लेखक पेन खाली ठेवून रस्त्यावर पाट्या घेऊन फिरत होते, भर उन्हाळ्यात. का, तर ओटीटी आल्यावर परत दाखवल्याचे पैसे आटले, मोठ्या टीममधली माणसं कमी करून दोघा-तिघांत काम उरकायला लागले, आणि वर एआय. पाच महिन्यांनी मिळालं काय ते बघ, ओटीटीवर नवीन आलेली सीरियल नाहीतर सिनेमा पहिल्या नव्वद दिवसांत तिथल्या देशातल्या वीस टक्के ग्राहकांएवढ्या लोकांनी बघितली तर लेखकाला बोनस. आणि एआयनं लिहिलेलं हे लेखन धरायचं नाही, लेखकावर ते वापरायची सक्ती नाही, कंपनीनं एआयचा मजकूर हातात दिला तर तसं सांगायला पाहिजे. सरांनी परत एआयचं नाव काढलं तर एवढंच म्हण की सर, त्याच्याकडून एक एपिसोड घेऊन बघा, चॅनेलनं पास केला तर माझं काही म्हणणं नाही. तुमची सीरियल आपल्या इकडच्या गावातली आहे असं तू लिहिलंयस. त्यातली म्हातारी जसं बोलते तसं मुंबईत बसून लिहिता येत नाही म्हणून तर ते काम खानापूरपर्यंत आलंय.

त्या संपाचं गोड गोडच सांगत नाही. त्या पाच महिन्यांत ड्रायव्हर, सुतार, कपडे शिवणारे, असल्या कितीतरी लोकांचं काम गेलं ज्यांचा यात काही संबंध नव्हता. आणि तिकडं संप जमतो कारण सिनेमा-टीव्हीचे बहुतेक लेखक संघटनेत आहेत, आणि संपात लिहून देणाऱ्या बाहेरच्याला पुढं संघटनेचं दार बंद होऊ शकतं. आपल्याकडं तू थांबलास तर उद्या चंदगडचा नाहीतर निपाणीचा कुणी लिहून देतोय.

म्हणून इथं आपल्याकडं काय आहे ते बघू. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर किती बोलले ते आठवत असेल. त्या बदलानं असं झालं की सिनेमात वापरलेल्या लेखनाचा नि संगीताचा थिएटरबाहेर जो वापर होतो त्याच्या रॉयल्टीत लेखकाचा बरोबरीचा वाटा, आणि हा वाटा लेखकानं सोडून दिला असं करारात लिहून घेता येत नाही. वारसाला देता येतो, कॉपीराइट सोसायटीकडं देता येतो, निर्मात्याला नाही. वाचायला फार छान. पण गाणं सुटं वाजतं, रेडिओवर, हॉटेलात, आणि त्याचे पैसे गोळा करायला आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून बसलेली आहे, म्हणून गीतकाराच्या हातात काहीतरी पडतं. डायलॉग कुठं सुटा वाजतोय? तुझ्या म्हातारीचं वाक्य एपिसोडच्या पोटात असतं. त्यामुळं संवादवाल्याच्या घरी ते पैसे पोचायची सोय अजून गाण्यासारखी नाही. कायद्यात हक्क आहे आणि घरात रात्रीचे पंधराशे आहेत, दोन्ही खरंय.

सलीम-जावेद यांची गोष्ट तुला माहीत असेलच, १९७३ मध्ये 'जंजीर' लागला तेव्हा पोस्टरवर लेखकाचं नाव नव्हतं, म्हणून यांनी पेंटर धरला आणि मुंबईतल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घेतलं. लोक ही गोष्ट हसून सांगतात. मला त्यात धंदा दिसतो. आधी नाव भिंतीवर आलं आणि मग मानधनाचा आकडा वाढला. उलट्या क्रमानं झालं असतं असं मला वाटत नाही. तुझ्या बाबतीत पण मी पैशाच्या आधी नावच मागायला सांगेन.

आता जे तू लिहिलं नाहीस पण मला ओळीओळीत दिसतंय ते बोलते. तुला पैसे मागायची लाज वाटायलीय, आणि ती फक्त बाबांमुळं नाही. आपल्या भागात मराठीत लिहिणं हे काम कधी नव्हतंच, ती सेवा. १९५६ पासून आपण इकडं कर्नाटकात आहोत, दर एक नोव्हेंबरला काळा दिवस, पाटीवर मराठी असावी म्हणून भांडण, शाळा टिकावी म्हणून भांडण, आणि त्या सगळ्यात ज्यानं कुणी लिहिलं, कविता केली, जत्रेतलं नाटक बसवलं, तो भाषेसाठी करतोय असंच सगळ्यांनी धरलं. येळ्ळूर, कडोली, उचगाव, आपल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांचा मला फार अभिमान आहे, पोरंबाळं घेऊन गावच्या गाव लोटतं, ग्रंथदिंडी निघते, असं दुसरीकडं मी बघितलेलं नाही. पण तिथला हिशोब एकदा बघ. मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, जेवणाच्या आचाऱ्याला आगाऊ पैसे, आणि कविसंमेलनातल्या कवीला शाल, नारळ, आणि फार तर एसटीचं भाडं. आणि कवी पण खूश! मी स्वतः कितीतरी शाली घरी आणल्यात, कपाटात आहेत. त्यावर माझी तक्रार नाही, गावानं वर्गणी काढून केलेल्या संमेलनात मी फुकट बोलेन, उद्यापण बोलेन.

पण सीरियल म्हणजे संमेलन नव्हे बाबा. तिथं दहा-दहा सेकंदांच्या जाहिराती विकल्या जातात. तुझ्या म्हातारीच्या रडण्यानंतर लगेच साबण येतो, त्या साबणवाल्यानं पैसे मोजलेत. तिथं तू सेवा करायला लागलास तर ती मराठीची होत नाही, चॅनेलची होते. भाषेवर प्रेम आहे ना, मग गावच्या पोरांचं नाटक फुकट लिही, जरूर लिही, आणि मुंबईला बिल पाठव. ही दोन खाती वेगळी ठेवलीस की लाज आपोआप जाईल असं मी म्हणत नाही, पण मागताना जीभ कमी अडखळेल.

तर आता करायचं काय. पहिलं म्हणजे बिल. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक महिन्याचं एक साधं बिल पीडीएफ करून सरांना मेल करायचं, तारीख, एपिसोड नंबर, संवादलेखन, रक्कम, पॅन. त्यांनी मागितलं नाही तरी पाठवायचं. पुढं कधी प्रॉडक्शन हाउस तुला सरळ पैसे द्यायला लागलं तर ते टीडीएस कापून देतील, दहा टक्के, आणि तेव्हा तुझं रिटर्न भरायची सवय लागलेली बरी. एक मजा सांगते, इन्कम टॅक्सच्या नियमात कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारा हा 'फिल्म आर्टिस्ट' मध्ये धरलेला आहे, हिरोच्याच रांगेत. सरकारला तू आर्टिस्ट आहेस हे मान्य आहे, टायटल कार्डालाच मान्य नाही.

मग संघटना. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, तिचं मेंबर होता येतं घरबसल्या, स्वतःची स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, आणि पैसे बुडवले, क्रेडिट खाल्लं अशी तक्रार आली तर ऐकायला त्यांची समिती आहे. आपल्या मराठीवाल्यांची मानाचि लेखक संघटना आहे, मालिका, नाटक आणि चित्रपट लिहिणाऱ्यांची. मेंबर झालास म्हणून उद्या रेट वाढत नाही. पण चार लेखकांशी बोललास की आपल्यासारख्या कामाला दुसऱ्याला काय मिळतं ते कळतं, आणि ते न कळता आकडा मागणं म्हणजे अंधारात दगड मारणं. रजिस्ट्रेशनचं पण एक समजून घे, त्यानं अमुक तारखेला हे माझ्याकडं होतं एवढं सिद्ध होतं. नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच तसं सांगितलंय, हक्क असतो तो लिहून काढलेल्या मजकुरावर. म्हणून चहाच्या टपरीवर नवीन सीरियलची आयडिया सांगत बसू नकोस, आधी लिही.

कधी ना कधी करार हातात येईल, तेव्हा सही करायच्या आधी निदान एवढं बघ. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुझ्या सहीनंच द्यावे लागतात, तोंडी नाही. त्यात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या भागासाठी ते नसेल तर भारत धरतो, म्हणून तर ते लोक 'कायमचे' आणि 'जगभर' हे घालायला कधी विसरत नाहीत. तू नवीन आहेस, ते दोन्ही तुझ्याच्यानं निघणार नाहीत बहुतेक, हट्ट धरू नकोस. हट्ट धर तो नाव कुठं आणि कसं येणार आणि पैसे किती दिवसांत, यावर. तसंही हक्क दिले तरी हे मी लिहिलंय असं म्हणायचा अधिकार कायद्यानं तुझ्याकडंच राहतो, पण तो मुंबईच्या कोर्टात जाऊन सिद्ध करण्यापेक्षा आधीच एक ओळ लिहून घेतलेली स्वस्त पडते.

आणि सरांना मेसेज. मी लिहून देते, पाहिजे तर तुझ्या भाषेत बदल:

"सर, नमस्कार. गेले वर्षभर आपल्यासोबत काम करून खूप शिकायला मिळालं. पुढच्या महिन्यापासून दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. एक, टायटलमध्ये संवाद सहाय्य म्हणून माझं नाव यावं. दोन, पेमेंट ४५ दिवसांत व्हावं. रेटबद्दल नाव आल्यावर बोलू. रात्री अकरानंतर सीन बदलला तर त्याचं वेगळं काहीतरी धरावं अशी विनंती. काम चालूच आहे, आजचे सीन वेळेत देतो."

बघ, यात कुठंही माझ्यावर अन्याय होतोय असं नाही, आणि काम थांबवायची धमकी नाही. सर भले असतील तर नावाला तयार होतील, त्यात त्यांचा एक रुपया जात नाही. नावालाच नाही म्हणाले तर तुला कळलं की इथं दहा वर्षं लिहिलंस तरी तू खानापुरातच राहणार, मग पुढचे तीन महिने तिथलं काम करत करत स्वतःच्या नावानं नमुन्याचे दोन एपिसोड लिहून काढायचे आणि दुसरीकडं पाठवायला लागायचं. तुला कन्नड येतं हे पण सांगायचं विसरू नकोस, रिमेकवाल्यांना मूळ एपिसोड सरळ ऐकून लिहिणारा माणूस मिळाला तर त्यांचं मधलं एक काम वाचतं. काम जाईल का? जाऊ शकतं. दुकान आहे ना, ते सोडू नकोस, बाबांवर रागवून तर अजिबात नको. खाली पाय टेकायला जागा असलेला माणूसच असलं बोलू शकतो, मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला तेवढंही जमत नाही.

फक्त मेसेज पाठवायचा वार बघून पाठव. गुरुवारी पाठवू नकोस, गुरुवारी टीआरपी येतो, त्या दिवशी तिकडं कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. सोमवारी दुपारी जेवणानंतर पाठव.